मोठेपणी लावलेले छंदवर्ग: क्लास संपल्यावर हातात काय उरतं?

निळीशाई

राहून गेलेलं काहीतरी शिकायचं म्हणून चाळिशी-पन्नाशीत क्लास लावणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत. गाणं, तबला, चित्रकला, मातीकाम, एखादी परकी भाषा. त्यांतल्या किती जणांच्या हातात ती कला क्लास संपल्यावरही उरते, हा माझा प्रश्न आहे.

मी स्वतः जपानीची पहिली पातळी केली, जलरंगांचा क्लास केला आणि सध्या पेटी शिकते आहे. हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं आजही न अडखळता वाचते, कारण तिथे दर तासाच्या सुरुवातीला कोरा कागद देऊन आधीचं सगळं आठवून लिहायला लावायचे. जलरंगांच्या क्लासात काढलेली चित्रं दिसायला फार सुंदर आहेत. पण पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कुठला द्यायचा, तो कितपत वाळू द्यायचा, गडद रंग कुठे भरायचा, हे प्रत्येक पायरीला समोरून सांगितलं जायचं आणि आम्ही सगळे तेच करायचो. सगळ्यांची चित्रं जवळजवळ सारखी यायची. आज खिडकीबाहेरचं झाड काढायचं म्हटलं तर कशापासून सुरू करू, हे मला ठरवता येत नाही. ते ठरवायची वेळ तिथे माझ्यावर कधी आलीच नव्हती.

माझं मत असं की मोठ्यांच्या बऱ्याच वर्गांत आपल्याकडून एक सुबक वस्तू करून घेतली जाते, पण ती पुन्हा एकट्याने करता यावी याची तजवीज नसते. तुमचे अनुभव काय आहेत? ज्यांचा क्लास संपूनही छंद चालू आहे, त्यांनी तर नक्की लिहा.

खर्जातला_सा

आठवड्यात १६८ तास असतात. क्लास त्यातला एक. उरलेल्या १६७ तासांत पेटीचा भाता किती वेळा उघडतो, ते बघा. उत्तर तिथेच आहे. शिकवणाऱ्याला दोष देऊन काय होणार?

निळीशाई

@खर्जातला_सा, रियाज हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण घरी बसल्यावर नेमकं काय करायचं हे क्लासने सांगितलेलंच नसेल तर? 'घरी सराव करा' एवढंच ऐकून नवशिका माणूस तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहतो आणि ज्या दोन ओळींत बोटं अडकतात, तिथेच रोज अडकतो.

चाकोरीबाहेर

मी मातीकाम करते. चाक आणि भट्टी घरी ठेवणं शक्य नाही, त्यामुळे आमच्यासाठी क्लास हाच रियाज. १६७ तासांचा हिशोब सगळ्या छंदांना लागू पडत नाही. पोहण्याचंही तसंच.

निळीशाई यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला, आणि त्याची उलटी बाजू मी अनुभवली आहे. आमच्या बाई सुरुवातीचा बराच काळ कुणालाच भांडं घरी नेऊ देत नव्हत्या. आधी मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर स्थिर करायचा, त्याला आम्ही सेंटरिंग म्हणतो. तो डगमगत असेल तर पुढची भिंत वर उचलताना एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होणारच. भिंत उचलता यायला लागल्यावर दुसरी शिस्त सुरू झाली. झालेलं भांडं तारेने मधोमध उभं कापायचं आणि आतला छेद बघायचा. तळ किती जाड राहिला, भिंत कुठे बारीक झाली, सगळं उघड दिसतं. मग ती माती परत मळायला.

काही जण वैतागून सोडून गेले. त्यांना कुणालातरी भेट द्यायला कॉफीचा मग हवा होता आणि त्यात काही गैर नाही. पण जे टिकले त्यांच्यापैकी प्रत्येकाला आज कुणी शेजारी उभं नसताना भांडं काढता येतं. कापून बघण्याच्या त्या सवयीने मला जे शिकवलं, ते शेल्फभर तयार भांड्यांनी शिकवलं नसतं.

मधली_सुट्टी

कापून बघणे हा प्रकार आवडला. आमच्या यजमानांनी क्लॅरिनेट घेतल्यापासून मांजर न चुकता संध्याकाळच्या फेरफटक्याला जाऊ लागलं आहे. घरात कुणाला तरी नियमाची सवय लागली हे नक्की. :)

पानगळ

मी निवृत्तीनंतर समूहगानाच्या वर्गाला जाते. थोडा वेगळा सूर लावते.

प्रत्येक गोष्टीतून 'निष्पन्न' काय झालं हे आयुष्यभर नोकरीत मोजलं. आता मला कुणाला ऐकवायचं नाही, परीक्षा द्यायची नाही. चार माणसांबरोबर एका सुरात उभं राहिल्यावर छातीत जे भरून येतं, त्यासाठी मी जाते. घरी रियाज करत नाही. तरी गळा पूर्वीपेक्षा सुटलाय, श्वास लांब पुरतो. पण तसं झालं नसतं तरी मी गेलेच असते. छंदाला सरावाचा जाच लावला की लोक छंद सोडतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

आडवा_छेद

पानगळ ताई, पटलं. भेटीगाठींसाठी लावलेला वर्ग आणि हात तयार व्हावा म्हणून लावलेला वर्ग यांना एकच फूटपट्टी लावू नये. अडचण होते ती पहिल्यात जाऊन दुसऱ्याची अपेक्षा धरली की.

मोठेपणी शिकता येतं का, यावर संशोधन काय म्हणतं ते थोडं लिहितो, कारण 'आता या वयात काय' हे वाक्य फार ऐकू येतं.

२००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही तरुण प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. आधी आणि तीन महिन्यांनंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. हलत्या वस्तूंवर नजर ठेवण्याशी संबंधित भागात करड्या द्रव्याचं (ग्रे मॅटर) प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यानंतर त्यांना आणखी तीन महिने सराव बंद ठेवायला लावला, तेव्हा ती वाढ पुन्हा बरीचशी ओसरली. २००८ मध्ये त्याच धर्तीवर साठीच्या आसपासच्या लोकांवर प्रयोग झाला. तरुणांच्या मानाने कमी जणांना चेंडू नीट झेलता आले, पण मेंदूतला बदल तिथेही दिसला. म्हणजे या वयातही शिकता येतं, आणि सोडलं तर हातचं जातंही.

निळीशाईंच्या कोऱ्या कागदालाही पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. क्लासातून बाहेर पडताना 'आज छान जमलं' असं वाटतं, ते या पाच मिनिटांतलं जमणं असतं.

खर्जातला_सा

हे आवडलं. म्हणजे पुढच्या तासाला पहिल्या दहा मिनिटांत जे येतं तेवढंच खरं आलेलं.

दूरचा_पल्ला

पण कुठल्याही कलेला दहा हजार तास लागतात म्हणे. नोकरी करणाऱ्याने रोज अर्धा तास दिला तरी ५४-५५ वर्षं होतात. मग या वयात सुरुवात करण्यात अर्थ काय?

आडवा_छेद

तो आकडा फार लोकांना निष्कारण घाबरवतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होती. सरासरी म्हणजे त्या गटातले अनेक जण त्याखाली होते, आणि ते सगळे व्यावसायिक वादक व्हायच्या वाटेवरचे. दहा हजार तास हा सरसकट नियम मांडणं बरोबर नाही, हे एरिक्सन यांनी स्वतः नंतर स्पष्ट केलं. तुम्हाला मित्रांच्या बैठकीत चार गाणी वाजवायची असतील तर त्या आकड्याचा तुमच्याशी संबंध नाही.

त्या अभ्यासातली घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. नुसते वाजवण्याचे तास धरलेलेच नाहीत. नेमकी कमजोर जागा शोधून ती सुधारण्यासाठी एकट्याने बसण्याचे तास धरलेत.

तालमाला

मी बरीच वर्षं मोठ्यांना तबला शिकवते आहे. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलं आणि मोठी माणसं यांत मला दिसणारा सगळ्यात मोठा फरक असा: मोठ्यांचा कान पुढे असतो आणि हात मागे. वीस-तीस वर्षं उत्तम तबला ऐकलेला असतो. 'धा' कसा वाजला पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि स्वतःचा 'धा' तसा येत नाही हेही लगेच कळतं. लहान मुलाला ते कळत नाही, म्हणून ते मजेत वाजवत राहतं. मोठा माणूस दुसऱ्या महिन्यात म्हणतो, 'माझ्या हातात नाहीच.' त्याची पारख तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. हाताला तिथवर पोचायला वेळ द्यावा लागतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि हेच परत परत सांगावं लागतं.

दुसरं म्हणजे मोठ्यांना 'का' हवं असतं. का हेच बोट, का चाटीवर (तबल्याच्या कडेवर), का मैदानावर (कड आणि शाई यांच्या मधल्या भागावर). हा त्यांचा फायदा आहे. कारण कळलं की ते घरी स्वतःची चूक पकडू शकतात. ज्या वर्गात 'का' विचारायला वेळच नसतो, तिथून मोठी माणसं लवकर गळतात.

आता शिकवणाऱ्यांची बाजू. निळीशाई म्हणतात ती तक्रार खरी आहे. विद्यार्थी टिकावेत म्हणून दर तासाला काहीतरी नवं द्यायचं दडपण आमच्यावर असतं. तोच कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची ठरीव बोलरचना, दोन महिने चालू ठेवला तर लोक म्हणतात, 'पुढे काही शिकवतच नाहीत.' मग एकेक कायदा, एकेक तुकडा वह्यांमध्ये जमत जातो आणि हातात काहीच मुरत नाही. मी हे थांबवलं. आता गृहपाठ म्हणून 'हा कायदा वाजवून या' असं सांगत नाही. 'ही चार अक्षरं, फक्त डाव्या हाताचं वजन सांभाळून, इतक्या सावकाश वाजवा की एकदाही अडखळणार नाही' असं सांगते. फोनवर ध्वनिमुद्रण करून तासाच्या आदल्या दिवशी पाठवायचं. मी ते ऐकलेलं असलं की तासाचा पहिला अर्धा भाग वाया जात नाही.

क्लास निवडताना एकच प्रश्न विचारून बघा: 'या तासानंतर घरी पंधरा मिनिटं मिळाली तर मी नेमकं काय करू?' तुमच्यापुरतं, तुमच्या हातासाठी असलेलं उत्तर मिळालं तर तिथे शिकणं होईल. 'जे झालंय ते सगळं करा' असं आलं तर पुढचं तुम्हाला स्वतःच रचावं लागेल.

चाकोरीबाहेर

तालमाला, 'कान पुढे आणि हात मागे' हे लिहून ठेवते आहे. कितीतरी लोकांचं सोडून देणं या एका ओळीत कळलं.

शंकासूर

रेकॉर्डेड कोर्सबद्दल कुणीच बोललं नाही. घरबसल्या, हव्या त्या वेळी, पाहिजे तितक्यांदा मागे नेऊन बघता येतं. क्लासपेक्षा चांगलं नाही का?

आडवा_छेद

माहिती मिळवायला उत्तम. टिकण्याच्या बाबतीत आकडे कठीण आहेत. एमआयटी आणि हार्वर्डचे एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचे कोर्स तपासून २०१९ मध्ये एक निबंध आला होता. २०१७-१८ साली नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत मात्र ते प्रमाण ४६ टक्के होतं. ते कोर्स छंदाचे नव्हते आणि अनेक जण नुसतं डोकवायलाच येतात, हे लक्षात घेऊनही फरक मोठा आहे. काहीतरी पणाला लागलेलं असलं की माणूस टिकतो.

काळी_पाच

शिवाय व्हिडिओला तुमचं मनगट दिसत नाही. पोहायला शिकताना मी व्हिडिओ भरपूर पाहिले होते. पाण्यात उतरल्यावर दम लागायचा तो लागायचाच. प्रशिक्षकांनी एका फेरीत सांगितलं की तोंड पाण्याबाहेर आल्यावर मी आधी श्वास सोडतो आणि मग घेतो, त्यामुळे घ्यायला वेळच उरत नाही. श्वास पाण्यातच सोडायचा आणि बाहेर आल्यावर फक्त घ्यायचा. व्हिडिओतही हेच सांगितलेलं होतं. पण मी तसं करत नाहीये, हे मला कोण सांगणार?

क्लासचा खरा मोबदला हाच आहे. दुसऱ्याची नजर.

निळीशाई, जाता जाता: पेटी वाजवायला शिकताय तोवर ठीक, पण गाणं शिकायचं मनात असेल तर तानपुऱ्यावर शिका. पेटीच्या पट्ट्यांचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात. गाण्यातला गंधार (ग) तिथे जरा चढाच सापडतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर निघतच नाही. कानाला तीच सवय लागते.

खर्जातला_सा

काळीपाच, सरसकट असं नाही. सुरुवातीला सूर सापडायला पेटीचा आधार लागतो. सूर सापडू लागला की मग ती बाजूला ठेवायची. तानपुऱ्यासमोर पहिल्याच दिवशी बसवलं तर निम्मे लोक षड्ज (सा) शोधण्यातच घाबरून जातील.

काळी_पाच

बाजूला ठेवायची, हे खरं. पण मोठेपणी शिकणारे ती बाजूला ठेवतात का? मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांच्या गळ्याखाली ती कायमची अडकलेली आहे. :)

तालमाला

यावर वेगळा धागा काढा, मी पण येते. :) इथे एवढंच सांगते, की स्वर नुसता ऐकून थेट ओळखण्याची देणगी लहानपणीच रुजली तर रुजते. पण दोन सुरांमधलं अंतर ओळखणं कुठल्याही वयात शिकता येतं, आणि आपल्या गाण्याला तेच लागतं. कुणी वयामुळे बिचकत असेल तर बिचकू नका.

पानगळ

परीक्षांबद्दल काय मत? आमच्या वर्गात निम्म्यांना द्यायच्या आहेत, निम्म्यांना नको.

निळीशाई

मी जपानीची एन५, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची परीक्षा, दिली आहे. फायदा झाला. तारीख ठरलेली असल्यामुळे अभ्यास पुढे ढकलता आला नाही. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, आणि लिहायचंही नसतं. पर्याय निवडायचे असतात. त्यामुळे उत्तीर्ण झालेल्यांपैकी कित्येकांना स्वतःची ओळखही धड करून देता येत नाही. परीक्षा जे तपासते त्याचाच सराव होतो. ते आपल्याला हवं त्यापेक्षा वेगळं असेल, तर उरलेल्याची सोय आपणच लावावी लागते. आम्ही तिघी जणी आठवड्यातून एकदा फोनवर फक्त जपानीत बोलतो. क्लास कधीच संपला, हे चालू आहे.

आडवा_छेद

@निळीशाई, तुमच्याच पहिल्या प्रश्नाचं हे एक उत्तर नाही का? जपानी उरली ती कोऱ्या कागदामुळे आणि या फोनमुळे. जलरंगांना यांपैकी काहीच मिळालं नाही.

रोजच्या सवयीबद्दलही एक सांगतो, लोकांना धीर येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस असा प्रचंड निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. 'खंड पडला, आता संपलं' असं म्हणून सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

चाकोरीबाहेर

निळीशाई, जलरंगांसाठी एक करून बघा. मोठं चित्र नकोच. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, एकच रंग, आणि समोरच्या झाडाचे फक्त तीन भाग पाडा: उजेड, मधला, गडद. पानं काढायची नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच झाड दुसऱ्या वेळेला. काय आधी, काय नंतर हे दर वेळी तुम्हालाच ठरवावं लागेल. क्लासात नेमकं तेच राहिलं होतं ना?

निळीशाई

हे करते आहे. तीन छोटे कागद झाले. पहिल्यात सगळंच मधलं झालं, गडद रंग टाकायला हात धजेना. तिसऱ्यात खोडाची सावली सरळ काळपट केली आणि झाड एकदम उभं राहिलं. सुबक नाहीये, पण प्रत्येक डाग कुठे टाकायचा ते मी ठरवलं. त्या क्लासचं सगळंच फुकट गेलं असंही आता म्हणणार नाही. पाणी किती घ्यायचं, कागद किती ओला आहे, हे हाताला आपसूक कळतंय, ते तिथलंच.

नवी_ओवी

मूक वाचक होते, आज लिहिते आहे. मला तबला शिकायचा आहे पण अजून घेतलेला नाही. क्लास पुढच्या महिन्यात सुरू होतोय. तोवर काही करता येईल का?

तालमाला

@नवी_ओवी, नक्की. तबल्याची आधी वाणी असते, मग वादन. तीनतालापासून सुरू करा. १६ मात्रा (ठोके), चार-चारचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली (टाळी न देता नुसता हात बाजूला नेणं) नवव्या मात्रेला. सगळे बोल मिळून हा ठेका:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हातावर टाळी-खाली देत तोंडाने म्हणा, चालताना पावलांवर म्हणा. जमलं की हाताची लय तीच ठेवून बोल दुप्पट वेगाने म्हणा. एका आवर्तनात, म्हणजे १६ मात्रांच्या एका फेऱ्यात, ठेका दोनदा बसला पाहिजे आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, 'धा' यायला हवा.

नवी_ओवी

करून बघितलं. एकपट जमतंय. दुप्पट म्हणताना खाली देण्याच्या जागी गोंधळ होतो, हात आणि तोंड वेगळे पडतात.

तालमाला

तिथेच सगळ्यांचा होतो. दुप्पट म्हणताना बरोबर नवव्या मात्रेला ठेक्याचा दुसरा फेरा सुरू होतो. हाताची खाली आणि तोंडात समेचा 'धा', दोन्ही एकदम. फक्त सातव्यापासून दहाव्या मात्रेपर्यंतचा तुकडा वेगळा काढा आणि तेवढाच घोळवा. चार दिवसांनी काय होतंय ते इथे कळवा.